शेकोटीविना संगमरवर: जुन्या फायरप्लेसचे कोरीव तुकडे सोलापूरच्या घरात कसे निवडावेत, साफ करावेत आणि बसवावेत

सोलापुरात शेकोटी पेटते ती हुरड्याच्या दिवसांत, तीही शेताच्या बांधावर. भिंतीत धुराडं बांधून घरात लाकडं जाळायची गरज आपल्याला कधी पडली नाही, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना तसा विचारही कुणी करणार नाही. तरी जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या नव्या घरांतून हल्ली विचारणा होते: जुन्या विलायती फायरप्लेसची संगमरवरी नक्षी दिवाणखान्यात लावता येईल का? मुंबईच्या चोरबाजारात कुणी एखादा तुकडा पाहिलेला असतो, कुणाच्या नातेवाइकाला थंड हवेच्या ठिकाणचा जुना बंगला पाडताना काही दगड मिळालेले असतात.

लावता येते, आणि छान दिसते. फक्त अख्खी फायरप्लेस आणू नका, तुकडा आणा. आगीविना उभी केलेली पूर्ण चौकट दुकानाच्या शोकेससारखी दिसते. आत लाल एलईडी आणि खोट्या ज्वाळा लावल्या, तर उरलीसुरली शोभाही जाते. त्यातून आपल्या हॉलमध्ये एक भिंत टीव्हीची, एक खिडकीची आणि एक दिवाणाची. पाच फूट रुंद दगडी चौकटीला जागा उरते कुठे? उलट मधला एक कोरीव चौकोन किंवा ब्रॅकेटची एक जोडी साध्या भिंतीवर नीट बसवली, की डोळा तिथेच थांबतो. शिवाय फायरप्लेस मुळातच सुट्या भागांची बनलेली असते, त्यामुळे एखादा भाग वेगळा मांडला म्हणून तो मोडका वाटत नाही.

आधी भाग ओळखा

सगळ्यात वर असते ती फळी, मँटलशेल्फ. तिच्याखाली आडवी पट्टी, फ्रीझ. या पट्टीच्या मधोमध बहुतेक वेळा पुढे आलेला एक चौकोन असतो, त्याला टॅब्लेट म्हणतात. सगळ्यात बारीक कोरीवकाम याच चौकोनावर सापडतं. दोन्ही बाजूंना उभे खांब आणि खांबांच्या डोक्यावर फुलाची किंवा चक्राची नक्षी असलेले चौकोनी ठोकळे. काही प्रकारांत फळीला आधार देणारे वळणदार ब्रॅकेट असतात. घरासाठी घ्यायचंच तर माझी पहिली पसंती टॅब्लेटला, दुसरी ठोकळ्यांच्या जोडीला, तिसरी ब्रॅकेटना. खांब शक्यतो टाळा. ते लांब आणि जड असतात, आणि एकटे उभे केले की उगाच अवघडलेले दिसतात.

शैलीचा ढोबळ अंदाज नक्षीवरून येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये रॉबर्ट ॲडम (१७२८–१७९२) या वास्तुकाराच्या नावाने ओळखली जाणारी शैली रुजली. तिच्यात कोरीवकाम उथळ असतं. कलश, फितीने बांधलेल्या फुलांच्या माळा आणि मेंढ्याची डोकी हे तिचे आवडते विषय. फ्रान्समधल्या पंधराव्या लुईच्या काळातल्या धाटणीत फळीच वळणदार असते आणि मधोमध शिंपला असतो. एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टोरियन कामात सगळंच जाड आणि भरदार: द्राक्षांचे घड, ओकची पानं, कमानीचं तोंड. मात्र त्याच एकोणिसाव्या आणि पुढे विसाव्या शतकात जुन्या शैलींच्या नकलाही भरपूर झाल्या. म्हणून नुसत्या नक्षीवरून वय सांगणाऱ्या विक्रेत्याचं म्हणणं ऐकून घ्या, पण त्याच्या भरवशावर पैसे मोजू नका.

फळीवर ठेवायच्या वस्तूही याच बाजारात मिळतात. मधे घड्याळ आणि दोन बाजूंना दोन कलश असा तिघांचा संच फ्रेंच घरांत फार लोकप्रिय होता. काळ्या घड्याळांचा दगड बऱ्याचदा बेल्जियमचा काळा चुनखडक असतो. पांढरट, दुधी, उजेड आरपार जाणारे कलश पुष्कळदा संगमरवराचे नसून अलाबास्टरचे, म्हणजे मऊ जिप्सम दगडाचे असतात. हा फरक नीट लक्षात ठेवा, साफसफाईच्या वेळी तो महत्त्वाचा ठरतो.

दगड तपासताना

बाजारात जाताना खिशात चार गोष्टी ठेवा: छोटा टॉर्च, नोटा तपासायचा जांभळा टॉर्च, मोजपट्टी आणि कापसाचा बोळा भिजवायला थोडं स्पिरिट. पिशवीत मावेल असा घरगुती वजनकाटा असेल तर उत्तम.

वजनापासून सुरुवात करा. संगमरवर दर लिटरला साधारण २.७ किलो भरतो. म्हणजे ३० × २० × २० सेंटिमीटरचा भरीव ठोकळा ३२ किलोच्या आसपास यायला हवा. ४५ × २५ × ६ सेंटिमीटरचा टॅब्लेट १८ किलोचा. हाताला त्यापेक्षा बराच हलका लागला तर दोनच शक्यता: एक तर तो आतून पोकळ आहे, नाही तर रेझिनमध्ये दगडाची पूड घालून साच्यात ओतलेला आहे. पोकळ असणं गुन्हा नाही. जुन्या फायरप्लेसमध्ये पातळ फरश्या जोडून जाड दिसणारा खांब करायची पद्धत होतीच. ओतीव मालाला मात्र दगडाचा भाव द्यायचा नसतो.

मग तुकडा उलटा करा. समोरची बाजू सगळ्यांना दाखवायची असते, खरं काय ते मागची बाजू सांगते. जुन्या तुकड्याच्या पाठीवर छिन्नीचे ओबडधोबड घाव दिसतात, कुठे प्लास्टरचे वाळलेले गोळे चिकटलेले असतात, वरच्या कडेला लोखंडी आकड्यांची भोकं आणि त्याभोवती गंजाचे तपकिरी ओघळ. डायमंड ब्लेडने कापलेल्या पाठीवर गोलाकार, एकसारख्या रेघा येतात. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर कोरलेल्या नक्षीच्या खोलगट भागात टॉर्च तिरका धरला की बारीक, समांतर, सारख्या अंतराच्या पायऱ्या दिसतात, हाताने पॉलिश मारलेलं असलं तरी. हाताच्या कामात डावं पान आणि उजवं पान कधीच तंतोतंत जुळत नाही. पानाच्या कडेखाली आतवर खोदलेलं असतं आणि खोल जागी बारीक बरम्याची भोकं राहून गेलेली असतात. ओतीव मालात साच्याची शिवण, सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आणि दोन वेगळ्या तुकड्यांवर अगदी सारखा टवका सापडतो.

कुठे तुटलेली कड असेल तर ती निरखा. खऱ्या संगमरवराच्या ताज्या तोंडावर बारीक स्फटिक चमकतात. नख लावून पाहा: नखाने ओरखडा उठला तर तो संगमरवर नव्हे, अलाबास्टर किंवा शंखजिरं. संगमरवराची कठीणता मोहस् मापावर ३ च्या आसपास असते, अलाबास्टरची २ आणि नखाची अडीचच्या जवळपास. लिंबाचा थेंब टाकून फेस येतो का बघायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यावर विसंबू नका. रेझिनमध्ये मिसळलेली संगमरवराची पूडसुद्धा फसफसते. आणि हौसेने समोरच्या बाजूवर थेंब टाकलात, तर तिथली चकाकी कायमची जाते.

मळ हा फसवणुकीचा आवडता रंग. नव्या मालाला चहाचं पाणी किंवा बुटाचं पॉलिश फासून म्हातारपण आणतात. स्पिरिटचा बोळा आडबाजूला घासा. तपकिरी रंग झरझर बोळ्यावर आला तर हात आखडता घ्या. खरा जुना मळ खोलगट जागी घट्ट बसलेला असतो, आणि हाताचा स्पर्श होत आलेल्या उंचवट्यांवर तो जवळजवळ नसतोच. जांभळा टॉर्च अंधारात धरला की दुरुस्तीच्या जागा वेगळ्या उजळतात. नाक, बोटं, माळेची टोकं पाहा, जोड तिथेच असतात. दुरुस्ती असली म्हणून नाकारू नका, भाव मात्र त्या हिशोबाने करा.

फायरप्लेसच्या दगडाला एक खास दुखणं असतं, आणि ते पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. संगमरवर कॅल्साइटच्या स्फटिकांचा बनलेला असतो. तापल्यावर हा स्फटिक एका दिशेने फुगतो आणि दुसऱ्या दिशेने किंचित आकसतो. शेजारशेजारचे स्फटिक असे एकमेकांना रेटतात आणि वर्षानुवर्षांच्या आगीने त्यांची पकड सुटते. आगीच्या तोंडाजवळच्या कडेवर बोट घासा. बोटाला पांढरे दाणे लागले तर दगड भुगा व्हायला लागला आहे. नुसता काजळीने काळवंडलेला दगड साफ होतो, पण दाणे सुटणारा दगड पुन्हा धड होत नाही. त्यामुळे आगीपासून लांब असलेले भाग, म्हणजे टॅब्लेट आणि वरचे ठोकळे, घेणं शहाणपणाचं.

हेच कारण सोलापूरला वेगळ्या अर्थाने लागू पडतं. आपल्याकडे आग नाही, ऊन आहे. गच्ची, बाल्कनी किंवा उघडी पश्चिम भिंत ही जुन्या संगमरवराची जागा नव्हे. दिवसा तापणं आणि रात्री निवणं, वर्षभर तेच चाललेलं. शिकागोमधल्या ॲमोको इमारतीवर १९७० च्या दशकात इटलीतल्या करारा गावचा पांढरा संगमरवर पातळ फरश्यांच्या रूपात लावला होता. त्या फरश्या इतक्या वाकल्या, की १९९० ते १९९२ मध्ये सगळा दगड उतरवून ग्रॅनाइट चढवावा लागला. तुमचा टॅब्लेट घराच्या आतच, थेट उन्हाच्या तिरिपीपासून दूर ठेवा.

खरेदी: कुठे, आणि कायद्यात बसून

सोलापुरात असा माल क्वचितच येतो. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीचा ओशिवरा फर्निचर बाजार, पुण्याचा जुना बाजार, दक्षिणेत कराईकुडी आणि कोचीचं मट्टनचेरी ही फिरण्याची ठिकाणं. डोळा तयार करायला मात्र बाहेर जायची गरज नाही. महापालिकेच्या इंद्रभुवनासमोर सकाळच्या तिरक्या उन्हात पंधरा मिनिटं उभं राहा आणि तीच नक्षी भर दुपारी पुन्हा बघा. उठावाचं काम सावलीवर कसं जगतं, ते कळेल. घरात दिवा कुठे लावायचा याचं उत्तरही तिथेच मिळतं.

आता कायद्याचं. पुरावस्तू आणि बहुमोल कलावस्तू अधिनियम १९७२ चा, अमलात आला ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी शिल्पं आणि कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात. इमारतीतून सुटी केलेली वस्तूही या व्याख्येत येते, म्हणजे फायरप्लेसचा तुकडा अगदी सरळ बसतो. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि दगडी शिल्पांसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. तेव्हा विक्रेत्याकडे परवाना आहे का विचारा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर वस्तूचं वर्णन, मापं, अंदाजे काळ आणि ती कुठून आली हे लिहून घ्या. चारही बाजूंचे फोटो काढून बिलासोबत ठेवा. तुकड्यावर मानवी किंवा देवतेची आकृती असेल, तर पुरातत्त्व विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याला फोटो दाखवून नोंदणीचं विचारून घ्या.

इथेच एक सांगून टाकतो. फार्महाऊससाठी गावातला वीरगळ, सतीशिळा किंवा पडक्या मंदिराचा कोरीव काळा दगड उचलून आणायची टूम निघाली आहे. तो गावाचा ठेवा आहे. कितीही स्वस्तात मिळाला आणि 'तसाच पडून होता' असं कुणी कितीही सांगितलं, तरी त्याला हात लावू नका. आपल्या जिल्ह्यात हत्तरसंग-कुडलच्या प्राचीन मंदिरांसारख्या जागा आहेत. तिथला दगड तिथेच शोभतो.

मनासारखा जुना तुकडा मिळत नसेल, तर जयपूर किंवा मकराण्याच्या कारागिराकडून नवा कोरून घ्या आणि नवा म्हणूनच लावा. ताजमहालाला लागलेला मकराण्याचा दगड काही कमी प्रतीचा नाही. उसनं म्हातारपण आणलेल्या नकलेपेक्षा असं सरळ नवं काम केव्हाही चांगलं.

आणताना

संगमरवर दाबाला बळकट आणि वाकण्याला कमजोर. म्हणून फळी किंवा पट्टी कधीही आडवी झोपवून आणू नका. खिडकीची काच नेतात तशी, कडेवर उभी ठेवा. दीडशे सेंटिमीटर लांब, पंचवीस रुंद आणि चार जाड फळीचं वजन चाळीस किलो होतं. दोघांनी दोन टोकं धरून आडवी उचलली की ती मधोमध मोडू शकते. लाकडी खोका करा, आत फोमच्या पट्ट्या लावा आणि नक्षीची बाजू कशालाही टेकू देऊ नका. पेंढा आणि वर्तमानपत्र टाळा. पावसात टेम्पो भिजला तर पेंढ्याचा पिवळा आणि छपाईचा काळा डाग दगडात उतरतो. गोणपाटाचंही तेच.

साफसफाई: घाई इथे करायची नाही

तुकडा घरी आला की बायको किंवा आई म्हणते, 'आधी धुऊन काढा.' थांबा. पहिला दिवस कोरडाच. मऊ, लांब केसांच्या ब्रशने धूळ झाडा आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून ती ओढून घ्या. काजळी असेल तर काजळी टिपायचा कोरडा रबरी स्पंज मिळतो, तो न घासता नुसता टेकवत जा. काजळीवर आधी पाणी पडलं तर ती आत मुरते.

दुसऱ्या दिवशी पाणी, पण नळाचं नको आणि बोअरचं तर मुळीच नको. जड पाणी वाळताना क्षाराचा पांढरा थर सोडतं, आणि तो काढायला लोक ॲसिड शोधत जातात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. दुकानात मागताना शब्द नीट उच्चारा, त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं. त्यात सौम्य, उदासीन साबणाचे काही थेंब टाका. कापसाचा बोळा ओला करा, पिळा, खालून वर पुसत जा. खालून सुरुवात करायची ती ओघळाचे पट्टे कोरड्या दगडावर उमटू नयेत म्हणून. प्रत्येक वीतभर जागेनंतर स्वच्छ पाण्याचा बोळा फिरवा आणि सुती कापडाने टिपा. अलाबास्टर असेल तर हे काहीच करू नका. तो जिप्समचा असतो, पाण्यात हळूहळू विरघळतो आणि चकाकी गमावतो. त्याला कोरडा ब्रशच पुरे.

बाथरूमचं ॲसिड, लिंबू, चिंच, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, गंज काढायचे तयार द्रव: यातलं एकही संगमरवराच्या जवळ आणू नका. दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याचा वरचा पापुद्रा खाऊन टाकतं आणि कोरलेली बारीक रेघ कायमची बोथट होते. फरशी साफ करणारे कामगार सवयीने ॲसिडचा डबा घेऊन येतात, तेव्हा जवळ उभे राहा.

खोल मुरलेल्या डागाला लेप लागतो. पांढरी चायना क्ले किंवा छपाई नसलेल्या पांढऱ्या टिश्यू पेपरचा लगदा घ्या. मुलतानी माती सहज मिळते, पण तिच्यात लोह असतं आणि पिवळा डाग पडायची भीती असते. लेप अर्धा सेंटिमीटर जाड लावा, वर प्लास्टिकची फिल्म ठेवून कडा चिकटवा, एक दिवस ठेवा. मग फिल्म काढून पूर्ण वाळू द्या. डाग खेचला जातो तो लेप वाळताना. ओला लेप खरवडून काढलात तर मेहनत वाया. लगदा कशात कालवायचा ते डागावर ठरतं. चहा-कॉफी आणि जुन्या सेंद्रिय डागांना औषधाच्या दुकानात मिळणारं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. तेल, मेण आणि तुपाला ॲसिटोन, खिडक्या उघड्या ठेवून आणि देवघरातला दिवा विझवून. गंजाच्या डागाला घरचा उपाय नाही, तो संवर्धनाचं काम जाणणाऱ्याकडे द्या किंवा तसाच राहू द्या. आतला लोखंडी आकडा अजून शाबूत असेल तर मात्र तो काढून घ्यायलाच हवा. गंजताना लोखंड फुगतं आणि दगड आतून फोडतं.

हळदीचा डाग पडला तर घाबरू नका. हळदीचा रंग उजेडाने उडतो, काही दिवस खिडकीशेजारी ठेवा. कुंकवाच्या रंगाचं तसं नाही. म्हणून अशा चौकटीत देवघर मांडायचा विचार असेल, तर दोनदा विचार करा. तेलाचा दिवा, कापूर, कुंकू आणि पाणी हे सगळं रोज पांढऱ्या सच्छिद्र दगडावर येणार. शिवाय ॲडम धाटणीच्या पट्टीवर मेंढ्याची डोकी आणि अर्धवस्त्र स्त्रिया असू शकतात. मग घरातल्या मोठ्यांना काय सांगणार, ते आधीच ठरवा.

शेवटी पातळ मायक्रोक्रिस्टलाइन मेण. कापडाच्या टोकावर कणभर, गोल फिरवत, वीस मिनिटांनी कोरड्या कापडाने झळक आणा. खोबरेल किंवा जवसाचं तेल लावू नका. काळ्या पाषाणाच्या मूर्तीला तेल चालतं, म्हणून संगमरवरालाही चालेल असं नाही. तो काही महिन्यांत पिवळा पडतो.

बसवताना: वजन खालून पेला, वरून फक्त धरा

हे एक वाक्य गवंड्याच्या गळी उतरवलंत की अर्धं काम झालं. चिकटवण्याच्या भरवशावर वीस किलोचा दगड टांगू नका. खाली टेकू हवा आणि वरच्या पिना फक्त पुढे कलू नये म्हणून.

आधी भिंत कोणती ते पाहा. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरात दगड-मातीची हात-दीडहात जाड भिंत असते. ती वजन पेलते, पण ड्रिल मारलं की आत माती भुरभुरते आणि फास्टनर धरत नाही. अशा घरात भिंत फोडू नका, आहे तो कोनाडा वापरा. टॅब्लेट आत टेकवून ठेवला, मागे फोमचे दोन ठोकळे दिले, की एक भोकही न पाडता जागा तयार. मला ही मांडणी सगळ्यात देखणी वाटते. नऊ इंची विटेच्या भिंतीवर काम सरळ आहे. नव्या फ्लॅटमधल्या चार इंची पार्टिशनवर किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर जड तुकडा लावूच नका. तिथे जमिनीवर चौथरा करा.

विटेच्या भिंतीसाठी स्टेनलेस स्टीलचा एल अँगल घ्या, तुकड्याच्या रुंदीपेक्षा थोडा आखूड म्हणजे तो दिसणार नाही. लेव्हलपट्टी लावून तो अँकर फास्टनरने भिंतीत पक्का करा. दगड आणि स्टील यांच्या मधे दोन मिलिमीटरची रबराची पट्टी द्या. दगडाच्या पाठीवर वरच्या बाजूला जुनी भोकं असतील तर तीच वापरा, नवी पाडू नका. पाडावीच लागली तर हॅमर बंद ठेवून, डायमंड बिटने, पाणी देत, हळू. भोकात सहा ते आठ मिलिमीटरची स्टेनलेसची पिन. साधं लोखंड नको, गॅल्व्हनाइज्डही नको. पिन आणि भोक यांतली फट चुन्याच्या गाऱ्याने किंवा पीओपीने भरा. पुढे घर बदललंत तर ती सहज सुटते. पांढऱ्या दगडाला करड्या सिमेंटचा स्पर्श होऊ देऊ नका. त्यातले क्षार आणि ओल दगडात चढून करडे ढग उमटवतात आणि तुकडा पुन्हा काढताना तुटतो. अराल्डाइट मोडलेलं टोक जोडायला ठीक, भिंतीला दगड चिकटवायला नव्हे.

ब्रॅकेटच्या जोडीवर फळी टाकून त्यावर वस्तू मांडायच्या असतील, तर भार भिंतीत लपवलेल्या स्टीलने घ्यायचा. दगडी ब्रॅकेट त्याखाली केसभर जागा सोडून नुसते शोभेला. दीडशे वर्षांचा दगड आतून कुठे तडकलाय ते बाहेरून कळत नाही.

उंची ठरवताना आधी बसून पाहा. दिवाणखान्यात माणूस बसलेला असतो, तर टॅब्लेटचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांच्या आसपास बरा. जिन्याच्या किंवा बोळाच्या भिंतीवर पाच फूट. दिवा समोरून नको, वरून किंवा बाजूने तिरका, भिंतीला जवळजवळ घासून जाणारा. २७०० ते ३००० केल्विनचा उबदार एलईडी लावा. पांढरा थंड प्रकाश संगमरवराला आजारी दाखवतो.

शेजार

पांढऱ्या भिंतीवर, पांढऱ्या पीओपी सीलिंगखाली, पांढऱ्या विट्रिफाइड टाइल्सवर पांढरा टॅब्लेट लावला तर तो हरवून जातो. आपल्याकडे शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी आहे. तिच्या करड्या-निळसर अंगावर हा दगड उठून दिसतो. शहाबादीचाच एक फूट उंचीचा चौथरा करून ठोकळ्यांची जोडी त्यावर मांडा, मागची भिंत चुन्याच्या फिक्या मातकट रंगात. जुन्या सागवानी खांबाशेजारीही तो छान जमतो. सोलापुरी वॉल हँगिंग त्याच भिंतीवर नको, समोरच्या भिंतीवर लावा. दोन्हींत बारीक नक्षी असते आणि डोळा कुठे ठरवायचा ते कळत नाही. एका खोलीत एकच जुना तुकडा पुरे. दोन झाले की खोली दुकान होते.

पुढची वर्षं

आठवड्यातून एकदा कोरडा मऊ ब्रश, फडकं नाही. फडक्याने धूळ खोलगट भागात दाबली जाते. मे महिन्याच्या वावटळीत आणि यंत्रमागांजवळच्या वस्तीत कापसाच्या तंतूंसाठी ब्रश जरा जास्त वेळा फिरवा. मेण वर्षाआड एकदा पुरतं. पावसाळ्यानंतर अँगलचे बोल्ट तपासा आणि दगडाच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे का ते हात लावून बघा. ओल असेल तर दगड उतरवून आधी ती बंद करा. घराला रंग काढायच्या वेळी तुकडा उतरवणं शक्य नसेल तर आधी स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, त्यावर प्लास्टिक, आणि टेप फक्त प्लास्टिकलाच लावा. पेंटरला सांगून ठेवा, की थेंब उडालाच तर पॉलिशपेपरने घासायचा नाही, तुम्हाला हाक मारायची.